जगदाळ्यांची काजळी

शेजारचे लोक विरजण मागायला येतात, कढीपत्ता मागायला येतात, पाहुणे आले तर खुर्च्या मागायला येतात. जगदाळे माझ्याकडे पहिल्यांदा आले ते स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनची काजळी मागायला. एका हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात जुना टूथब्रश.

"पात्यांवरची नको, ती तेलकट असते. मागच्या जाळीवरची द्या. वाळलेली."

मी म्हटलं, "आमचा फॅन दर पंधरा दिवसांनी धुतला जातो."

"दर पंधरा दिवसांनी?"

"हो."

"मग तवा? तव्याची मागची बाजू?"

"तीही घासलेली असते."

"कमाल आहे! एवढ्या मोठ्या घरात चमचाभर काळं नाही!" असं म्हणून ते पाय आपटत जिना चढून गेले. दार मीच लावून घेतलं. खरं तर राग मला यायला हवा होता. तो दार लावल्यावर आला, आणि पुढची सहा वर्षं फारसा उतरला नाही.

मी एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरची सिस्टर इन्चार्ज आहे. कोपरापर्यंत हात कसे धुवायचे हे मी पोरींना शिकवते, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांना रडवते. माझे पांढरे युनिफॉर्म मी घरी स्वतः धुते. हॉस्पिटलच्या लाँड्रीचा पांढरा मला चालत नाही. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत मी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि जगदाळे तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे माझ्या डोक्यावर. माझ्या गॅलरीवर त्यांची गॅलरी. माझ्या कपड्यांच्या दांडीवर त्यांचा कठडा. एवढं सांगितलं की पुढचं भांडण कोणालाही कळेल.

भास्कर जगदाळे, वय पंच्याहत्तर. जन्मभर रंगाच्या कारखान्यात नोकरी केली, आणि तीही कसली? पांढरा रंग पुरेसा पांढरा झाला आहे की नाही ते पाहण्याची. निवृत्त झाले, दोन वर्षांनी बायको गेली, आणि त्यांनी हॉलमधला सोफा विकून तिथे दौंड आणलं. कोळशाच्या इंजिनांचं, त्यांच्या लहानपणीचं दौंड. प्लायवुडच्या दोन मोठ्या फळ्यांवर इंजिनांची शेड, रूळ, पाण्याची टाकी, कोळशाचे ढीग, राखेचे खड्डे आणि मागे रेल्वेच्या क्वार्टर्सची रांग. सगळं हातानं केलेलं. इंजिन वीतभर, माणूस बोटाच्या पेराएवढा. बसायला घरात जागा नाही. आलेल्या माणसानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि कशालाही हात लावायचा नाही.

हे सगळं मी पाहिलं ते भांडायला गेले होते तेव्हा. त्या रविवारी मी चार युनिफॉर्म वाळत घातले आणि अर्ध्या तासानं पाहते तर खांद्यांवर काळी बारीक पूड. वर गेले. दार उघडंच होतं. जगदाळे गॅलरीत स्टुलावर बसून मलमलच्या फडक्यातून काजळी चाळत होते. चाळलेली पूड ताटलीत पडत होती आणि उरलेली माझ्या युनिफॉर्मवर.

"अहो, ही काय घाण करताय?"

"घाण नाही ती. शेडच्या छपराचा काळा आहे. इंजिनाचा वेगळा आहे, तो त्या बरणीत."

तिथे ओळीनं बरण्या होत्या. पणतीवर ताटली धरून जमवलेली काजळी, जळक्या तव्याची खरवड, भट्टीतली राख, चहाचं उकळून दाट केलेलं पाणी, व्हिनेगरमध्ये तारेची घासणी कुजवून केलेला गंज. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. एकीवर लिहिलं होतं, 'जुनी घाण, पावसाळ्यानंतरची'.

"माझे कपडे काळे झालेत, जगदाळे."

"मग धुवा की. धुणं सोपं असतं हो, सिस्टर. साबण लावला की झालं. घाण करून दाखवा! इंजिनाच्या कुठल्या बाजूला तेल ओघळतं, राख कुठे साचते, वाफेनं काळं कुठे धुपून जातं... डोकं लागतं त्याला."

मी तोंड सोडलं. मला चांगलं येतं ते. आमच्याकडचे सर्जन साक्ष देतील. मी बोलत राहिले आणि माझं संपल्यावर या गृहस्थानं काय करावं? ओठांचा चंबू करून दोन शिट्ट्या मारल्या. बारक्या, लागोपाठ दोन. आणि पुन्हा चाळायला लागले.

घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं. त्याचा मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचा गाळा आहे; पहाटे जातो, दुपारी कांद्याची सालं अंगावर घेऊन येतो आणि झोपतो. तो म्हणाला, "अगं, मागच्या गॅलरीत घाल की कपडे."

"मागे ऊन नाही. आणि प्रश्न तत्त्वाचा आहे."

"मग बस तत्त्व वाळत घालत," असं म्हणून त्यानं कूस बदलली.

मी रविवारऐवजी शनिवारी कपडे घालायला लागले. दोन शनिवार बरे गेले, तिसऱ्या शनिवारी काजळी. बुधवारी सुट्टी घेतली, बुधवारी कपडे घातले, तर बुधवारीही काजळी. सोसायटीच्या सभेत मी काळे डाग पडलेला युनिफॉर्म टेबलावर ठेवला. जगदाळ्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो निरखला आणि म्हणाले, "हा डाग सुंदर पडलाय. असा मला मुद्दाम जमत नाही." सभा हसली आणि विषय पाण्याच्या टँकरवर गेला.

स्वच्छ रेल्वेचा त्यांना मनापासून तिटकारा होता. एकदा कोणीतरी हौशी गृहस्थ आपलं परदेशी इंजिन दाखवायला घेऊन आले. हिरवंगार, पितळेच्या पट्ट्या लखलखताहेत. जगदाळ्यांनी ते उजेडात फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हे कधी कामाला गेलंय का?" गृहस्थ म्हणाले, "मॉडेल आहे हो." जगदाळे म्हणाले, "मग काचेच्या कपाटात ठेवा. इथे कामाची माणसं येतात." त्यांच्या मुलीनं, मीनलनं, पंच्याहत्तरी लागली म्हणून एक महागडं इंजिन भेट दिलं होतं. ते त्यांनी चार दिवस चहाच्या चोथ्यात पुरून ठेवलं. मीनल खराडीला एका आयटी कंपनीत मोठ्या पदावर आहे. ती पाचव्या दिवशी आली, बादलीतून इंजिनाचं धुराडं वर आलेलं पाहिलं आणि माझ्याकडे येऊन रडली.

"काकू, बाबा नॉर्मल आहेत ना?"

"नाहीत," मी म्हटलं, "पण तब्येत उत्तम आहे."

तब्येत उत्तम होती, डोळे नव्हते. हे माझ्याच लक्षात आलं. गेल्या वर्षी एकदा मी नेहमीप्रमाणे भांडायला वर गेले तर त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "हा काळा आहे का?"

"तपकिरी आहे."

"खोटं बोलू नका."

"तपकिरी आहे, जगदाळे. आणि त्या टाकीवरचं शेवाळ तुम्ही लाल केलंय."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मी खिडकीपाशी नेऊन डोळ्यांत टॉर्च मारला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू इतका पिकला होता की शिकाऊ पोरीनंही ओळखला असता. "लोक दिसेनासं झालं की डॉक्टरकडे जातात," मी म्हटलं, "तुम्ही दौंडमध्ये शेवाळ रंगवत बसलात." पुढच्याच आठवड्यात मी त्यांना आमच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. ऑपरेशन नीट झालं. टेबलावरसुद्धा ते सर्जनला सांगत होते, की थिएटरच्या भिंतीचा पांढरा थोडा पिवळ्याकडे झुकलाय.

तीन आठवडे विश्रांतीसाठी मीनल त्यांना खराडीला घेऊन गेली. जाताना घराची किल्ली माझ्या हातात ठेवून जगदाळे म्हणाले, "तुळशीला पाणी घाला. तुम्ही भांडखोर आहात, पण हात लांबवणाऱ्या नाहीत."

आता मी जे केलं ते का केलं, हे सरळ सांगते. नुकतंच ऑपरेशन झालेल्या डोळ्याला धूळ चालत नाही. हे मी हजार पेशंटना सांगितलेलं आहे. आणि हा पेशंट तीन आठवड्यांनी परत येऊन काजळीच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून बसणार होता. डोळा चिघळला तर जबाबदार कोण? म्हणून ते यायच्या आधीचा रविवार मी पूर्ण त्यांच्या घरात घालवला. पडदे धुतले. पंखे पुसले. बरण्यांची झाकणं घट्ट लावून त्या माळ्यावर टाकल्या. आणि मग दौंड साफ केलं.

मी काम अर्धवट करत नाही. स्पिरिट घेतलं, कापूस घेतला, इअरबड घेतले, घरचा चिमटा घेतला. इंजिनं कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून मऊ ब्रशनं धुतली. शेडचं छप्पर पुसल्यावर जे काळं पाणी निघालं ते पाहून मला जे समाधान मिळालं, ते लपवण्यात अर्थ नाही. खालून विटांचा लाल रंग निघाला. इंजिनांवर नंबर निघाले. राखेचे खड्डे रिकामे केले. क्वार्टर्सच्या मागे एक दोरी होती, तिच्यावर नखाएवढे सहा कपडे वाळत घातलेले, मलमलचे. त्यांच्यावर काळे ठिपके. दोरीजवळ एक बाई उभी होती, दोन्ही हात कमरेवर, तोंड उघडं. मी एकेक कपडा चिमट्यात धरून पुसला. पांढरेशुभ्र झाले. त्या बाईचं मला वाईट वाटलं होतं. म्हटलं, चला, हिचा तरी प्रश्न सुटला.

संध्याकाळी सगळं नव्यासारखं दिसत होतं.

ते आले तेव्हा मी वरच होते. त्यांचा राग मला ठाऊक होता, म्हणून सहा उत्तरं तयार ठेवली होती. पहिलं उत्तर डोळ्याबद्दल होतं, सहावं माझ्या युनिफॉर्मबद्दल. मीनलनं दार उघडलं आणि ओरडलीच, "ओ माय गॉड, काकू! किती क्लीन!" जगदाळे काळा चष्मा काढून फळीजवळ गेले. इंजिनं पाहिली. छप्पर पाहिलं. रिकामे खड्डे पाहिले. मग क्वार्टर्सच्या मागे वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"हे कपडे पण धुतलेत?"

"धुतले. फार काळे झाले होते."

"हं," ते म्हणाले. मग सरळ झाले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आभारी आहे."

माझी सहाच्या सहा उत्तरं वाया गेली. सहा वर्षांत या माणसानं मला कधी 'आभारी आहे' म्हटलं नव्हतं. ऑपरेशनसाठीसुद्धा नाही.

मीनल भराभर बोलत होती. तिच्याकडे चौदाव्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, हवा शुद्ध करायचं यंत्र आहे, खाली बाग आहे, बाबांच्या वयाचे लोक सकाळी तिथे हसायला जमतात. बाबा हो म्हणत नव्हते ते या फळ्यांमुळे. त्या काही तिथे मावणार नाहीत. "आता इतकं छान स्वच्छ झालंय, तर एखाद्या शाळेला देऊ या ना, बाबा? मुलं बघतील."

मला वाटलं, आता होईल भडका.

"दे," जगदाळे म्हणाले.

पुढच्या महिन्याच्या अखेरीस न्यायचं ठरलं. मी खाली आले. त्या रविवारी युनिफॉर्म वाळत घातले. काही पडलं नाही. पुढच्या रविवारी घातले. काही पडलं नाही. वरून स्टूल सरकल्याचा आवाज नाही, चाळणी आपटल्याचा नाही. नवरा म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?" मी म्हटलं, "झालं." आणि त्या दिवशी भाजीला मीठ दोनदा घातलं.

तिसऱ्या रविवारी युनिफॉर्म दांडीवर वाळून कडक झाले, इतके पांढरे की बघवेना, आणि माझं डोकं फिरलं. मी गेटवरच्या इस्त्रीवाल्याकडे गेले, त्याच्या इस्त्रीतली राख आणि कोळशाचा चुरा एका डब्यात घेतला आणि तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले. जगदाळे पलंगावर बसून खोक्यात पुस्तकं भरत होते.

"हे घ्या," मी डबा आपटला. "काळं हवं असतं ना तुम्हाला? करा घाण."

त्यांनी झाकण उघडलं, चिमूट घेतली, बोटांवर चोळली. आणि चेहरा वाकडा केला.

"हा लाकडी कोळसा आहे! ही राख पांढरी आहे, सिस्टर! इंजिनात काय बाभळीची लाकडं घालायचे? एवढी शिकलेली बाई तुम्ही..."

ते ओरडले आणि मला हायसं वाटलं. पण तेवढंच. पुन्हा खाली बसले.

"मी चूक केली," मी म्हटलं. हे वाक्य मी कसं म्हटलं ते माझं मला माहीत. "पण तुम्ही ओरडला का नाहीत? मला वाटेल ते बोलायला हवं होतं तुम्ही."

"तुमचं काय चुकलं? धुणं काळं झालं की बाईमाणूस धुणारच." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "ती बाई पाहिलीत? दोरीजवळची?"

"पाहिली."

"आई आहे. आमचं क्वार्टर रुळाला लागून होतं. बाबा मालगाडीवर ड्रायव्हर. त्यांची गाडी बारा-दहाला शेडकडे यायची. वळणावर आली की ते दोन बारक्या शिट्ट्या द्यायचे, आणि नेमका तिथेच कोळसा टाकला जायचा, की भसकन काळा धूर. आई बाहेर. 'कोन हाय रं त्यो मुडदा इंजनावर? आत्ता धुऊन टाकलं व्हतं की! डोळं फुटलं का काय?' कोण आहे ते तिला ठाऊक, सगळ्या कॉलनीला ठाऊक. बाबा इंजिनातून हसायचे. मी पायरीवर पाटी घेऊन बसलेलो असायचो. शाळा दुपारची."

"मग गाडी जाईपर्यंत थांबायचं ना धुणं घालायला," मी म्हटलं. मला पहिल्यांदा हेच सुचलं.

"तेच तर," जगदाळे म्हणाले. "तिला गाडीची वेळ पाठ होती. सकाळी नवालाच धुऊन पिळे बादलीत ठेवायची, आणि दोरीवर घालायची बरोबर बाराला."

मी डब्याचं झाकण लावलं.

"पुढे डिझेल आलं. बाबांचा पगार वाढला, धुणं पांढरं राहायला लागलं. सगळ्या बायका खूश. आई बाराला धुणं घालायची आणि हात कमरेवर ठेवून पायरीवर उभी राहायची. गाडी यायची. शिट्टी व्हायची, पण ती भोंग्यासारखी, भोंऽ करून. बोलणार काय? थोडा वेळ उभी राहायची आणि आत जायची." ते खोक्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही शनिवारी कपडे घालायला लागलात तेव्हा माझी पंचाईत झाली होती. दोन शनिवार मला पत्ताच लागला नाही."

"म्हणजे मुद्दाम टाकत होतात?"

"चाळणी आहे. पडतं."

मला प्रचंड राग आला. सहा वर्षांचे युनिफॉर्म, सहा वर्षांचा साबण, सोसायटीच्या सभेतली फजिती, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी माळ्यावरच्या बरण्या खाली काढल्या, एकेक त्यांच्यासमोर मांडली आणि म्हटलं, "उठा. कुठे काय लावायचं ते सांगा."

"तुम्हाला जमणार नाही."

"का?"

"तुम्हाला घाण दिसत नाही. तुम्हाला फक्त पुसायचं दिसतं."

"सांगा!"

त्या दिवशी आणि पुढचे सगळे रविवार मी त्यांच्या हॉलमध्ये बसले. काजळी कमी पडली तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात तिळाच्या तेलाची पणती लावून तिच्यावर माझीच स्टीलची ताटली धरली. माझ्या हातानं. नवरा दारात उभा राहून पाहत होता. शहाणा आहे, बोलला नाही. आणि वर जगदाळे माझ्या खांद्यावरून ओरडत होते. "एवढं नाही! थोडं! अहो, तिथे तेल ओघळतं, राख चिकटणारच. ती बाजू नको, तिथे कोळसा टाकणारा फायरमन पाय ठेवतो, तिथलं झिजलेलं पाहिजे. ऑपरेशन करताय का? हात सैल सोडा!" मला इतकं कोणी कधी बोललेलं नाही. शिकत असताना आमची मेट्रनसुद्धा नाही. मी दोनदा ब्रश फेकला. एकदा त्यांनी मला 'अडाणी' म्हटलं आणि मी त्यांना 'हेकट म्हातारा'. छप्पर तीन वेळा करावं लागलं. घाण एकदम लावून चालत नाही. थर चढावे लागतात, मधे पुसावं लागतं, पुन्हा लावावं लागतं. अवघड आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

दोरीवरचे कपडे शेवटी ठेवले. ते म्हणाले, हे तुम्ही करा. मी चिमटा घेतला आणि सुईच्या टोकावर काजळी घेतली.

"पोलक्याला दोन," ते डोळे मिटून सांगत होते. "माझ्या चड्डीला एक, नाडीजवळ. चादरीला वरच्या कडेला. तो मागचा कोरा ठेवा, तो खांबाच्या आड असायचा. आता बाबांचा सदरा. त्याला पाच."

"एकट्याला पाच?"

"तो ती पुढे घालायची. रुळाकडून पहिला."

मी पाच ठिपके दिले. त्यांनी डोळे उघडून पाहिलं, नव्या डोळ्यानं आणि जुन्या डोळ्यानं, आणि म्हणाले, "चौथा मोठा पडलाय." याच्यापलीकडे कौतुक नाही.

महिनाअखेरीला मीनल टेम्पो ठरवून आली. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि तिथेच थांबली. "बाबा! हे परत... काकू, तुम्हीच तर साफ केलं होतं!"

"मीच घाण केलं," मी म्हटलं.

"पण का?"

जगदाळे म्हणाले, "शेड चालू आहे. मला रविवारी येता येणार नाही. मधल्या वारी येईन, हसायला." टेम्पोवाला रिकामा परत गेला. मीनल माझ्याशी महिनाभर बोलत नव्हती. आता बोलते, गुरुवारी त्यांना घेऊन जाते आणि शुक्रवारी आणून सोडते, त्यांच्या डोळ्याच्या थेंबांच्या सूचना माझ्याकडून लिहून घेते.

माझे युनिफॉर्म मी आता मागच्या गॅलरीत वाळत घालते. ऊन कमी आहे, पण पंख्याखाली अर्धा तास ठेवले की भागतं. कपाटात एक जुना एप्रन निघाला, बाही उसवलेली, कामावर घालायच्या लायकीचा नाही. तो मी दर रविवारी सकाळी धुते, पिळून बादलीत ठेवते आणि अकराच्या सुमाराला पुढच्या दांडीवर घालते, कठड्याच्या बरोबर खाली.

नवऱ्यानं विचारलं, "फाटका एप्रन दर आठवड्याला कशाला धुतेस?"

"तू कांद्याचं बघ," मी म्हटलं.

सव्वाअकराला वर स्टूल सरकतं. थोड्या वेळानं एप्रनच्या खांद्यावर काळं पडायला लागतं. मी बाहेर जाते, दोन्ही हात कमरेवर ठेवते आणि वर तोंड करून जे बोलायचं ते बोलते. खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात. माझं बोलून झालं की वरून दोन बारक्या शिट्ट्या येतात.

या वयात! उद्धटपणाची कमाल आहे.